ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी रोजच्या सेवेत काय घालावे?

मॉस्कोत किंवा तिबिलिसीत वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मराठी मुलामुलींना मेट्रोत, बाजारात काळ्या पायघोळ झग्यातले दाढीवाले धर्मगुरू दिसतात. वाशीला किंवा पुण्यात मल्याळी ऑर्थोडॉक्स चर्चच्या दारात भेटणारे धर्मगुरू मात्र पांढऱ्या झग्यात असतात. दोघेही ऑर्थोडॉक्स म्हणवतात, पण त्यांची घराणी वेगळी आहेत. ग्रीक, रशियन, सर्बियन, रोमानियन, जॉर्जियन ही पूर्व ऑर्थोडॉक्स चर्चे. सिरियन, कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन आणि केरळचे मलंकरा ही इ.स. ४५१च्या कॅल्सेडोन इथल्या धर्मपरिषदेनंतर वेगळी राहिलेली. या लेखाचा बराचसा भाग पहिल्या घराण्याबद्दल, म्हणजे ग्रीक आणि रशियन रीतीबद्दल आहे. भारताकडे शेवटी येऊ.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. जरीकाम केलेली, सोनेरी-लाल-हिरवी भारी वस्त्रे ही वेदीवरच्या उपासनेची वस्त्रे. ती चर्चमध्ये घालतात आणि तिथेच उतरवतात. रोजच्या सेवेत, म्हणजे आजाऱ्याला भेटायला, घर आशीर्वादायला, शिकवायला, दफनभूमीत किंवा कचेरीत जाताना जे घालतात तो पोशाख वेगळा. त्याचे नियम बरेच साधे आहेत आणि चुका बहुतेक तिथेच होतात.

नियम कुठून आला

इ.स. ६९२च्या त्रुल्लो परिषदेचा २७वा नियम सांगतो की धर्मसेवकाने शहरात राहताना किंवा प्रवासात असताना आपल्या पदाला न शोभणारे कपडे घालू नयेत. धर्मसेवकांसाठी ठरलेलेच घालावेत. मोडणाऱ्याला एक आठवडा सेवेपासून दूर ठेवावे. इ.स. ७८७च्या दुसऱ्या निकाया परिषदेचा १६वा नियम दुसऱ्या टोकाला आवर घालतो: भपकेदार, उंची, रंगीबेरंगी कपडे धर्मसेवकाला नकोत. म्हणजे ओळखू येईल असे असावे आणि डोळ्यांत भरेल असे नसावे. पण झग्याचा ठरावीक रंग कोणता, बाहीची रुंदी किती, गळ्याचा घाट कसा, हे या दोन्ही नियमांत कुठेच ठरवून दिलेले नाही.

म्हणून आजचा झगा हा प्रेषितांच्या काळापासून जसाच्या तसा आला, असे कुणी सांगितले तर ते खरे मानू नये. तो बायझंटाइन आणि पुढे उस्मानी काळात घडत गेला. रशियात सतराव्या शतकाच्या मध्यात पॅट्रिआर्क (चर्चप्रमुख) निकोन यांच्या वेळी ग्रीक घाट आला. १६६६-६७च्या मॉस्को महापरिषदेने तो घालायला आशीर्वाद दिला, पण जुना रशियन घाट घालणाऱ्यांना दोष दिला नाही. हा समंजसपणा आजही उपयोगी पडतो. घाटावरून भांडण्यात अर्थ नाही. धर्मगुरू धर्मगुरू म्हणून ओळखू यावा, एवढे मात्र सोडता येत नाही.

दोन झगे, दोन कामे

रोजच्या पोशाखाचा पाया म्हणजे आतला झगा. ग्रीक त्याला अंतेरी म्हणतात, रशियन पोद्रियास्निक. घोट्यापर्यंत लांब, मनगटाशी अरुंद बाह्या, उभी गळपट्टी. रशियन घाटात पुढचा एक पल्ला दुसऱ्यावर येतो आणि गळ्याशी व कमरेशी बाजूला बटणे किंवा हूक लागतात. दुसऱ्या घाटात बटणे छातीच्या मधोमध सरळ खाली येतात. हा झगा शर्ट-पँटवर घालतात. रंग काळाच हवा असे नाही: राखाडी, गडद निळा, तपकिरी चालतो आणि रशियन उन्हाळ्यात पांढराही सर्रास दिसतो.

त्यावर येतो बाहेरचा झगा. ग्रीकमध्ये रासो किंवा एक्सोरासो, रशियनमध्ये रियासा. हा सैल, पुढून उघडा, गळ्याशी हुकाने बंद होणारा; रशियन घाटात कमरेशीही हूक असतो. बाह्या खूप रुंद आणि बोटांच्या टोकांच्याही पुढे जाणाऱ्या. हा बहुधा काळाच.

दोघांमधला फरक लक्षात राहिला की निम्मे प्रश्न सुटतात. आतला झगा हा कामाचा पोशाख: घरी, कचेरीत, स्वयंपाकघरात, गाडी चालवताना, बागेत. बाहेरचा झगा हा चारचौघांत जाण्याचा पोशाख: प्रवचन, बिशपांची भेट, दुसऱ्याच्या घरी जाणे, कोणतीही प्रार्थना चालवणे. जरीची वस्त्रे मात्र थेट आतल्या झग्यावर येतात, कारण रासोच्या रुंद बाह्यांवर मनगटाचे पट्टे बांधता येत नाहीत. नवे धर्मगुरू बहुतेक इथेच चुकतात. नुसत्या आतल्या झग्यात कुणाच्या घरी प्रार्थनेला गेलेला रशियन धर्मगुरू तिथल्या जाणत्या माणसाला अर्धवट कपड्यांत आल्यासारखा वाटतो. उलट रुंद बाह्यांचा रासो घालून गाडी चालवणे धोक्याचे आहे: बाही गिअरच्या दांड्यात किंवा स्टिअरिंगमागच्या दांडीत अडकते. रासो हँगरवर मागच्या सीटपाशी लटकवावा आणि उतरल्यावर घालावा.

ग्रीकांनी मधला मार्गही काढला आहे. कोंतोरासो म्हणजे बाह्या नसलेले किंवा आखूड बाह्यांचे जाकिटासारखे वस्त्र, आतल्या झग्यावर घालायचे. थंडीत आणि हातांचे काम असताना ते सोयीचे पडते. चारचौघांतल्या प्रसंगी मात्र ते रासोची जागा घेत नाही.

डोके आणि छाती

डोक्यावर रोज स्कुफ्या, म्हणजे मऊ कापडी टोपी. ताठ, उंच टोपी ग्रीकांत कालिमाव्ही, रशियनांत कमिलावका. ग्रीक धर्मगुरू ती उपासनेत आणि औपचारिक प्रसंगी घालतात. रशियात जांभळी स्कुफ्या आणि जांभळी कमिलावका या मानाच्या टोप्या आहेत, मागितल्याने मिळत नाहीत. काळी स्कुफ्या मात्र रोज कुणीही धर्मगुरू घालू शकतो. उंच टोपीवरून मागे काळा पदर सोडलेला असेल तर ती व्यक्ती मठवासी. बिशप मठवासींतूनच निवडले जात असल्याने त्यांच्याही डोक्यावर तो असतो.

छातीवरच्या क्रूसाबाबत दोन्ही परंपरा अगदी वेगळ्या आहेत आणि इथे बाहेरचा माणूस हमखास फसतो. रशियन रीतीत प्रत्येक धर्मगुरूच्या गळ्यात क्रूस असतो. ही रीत फार जुनी नाही. १७९७ मध्ये सम्राट पॉल पहिला याने सोनेरी मुलाम्याचा क्रूस मानाचे चिन्ह म्हणून सुरू केला. १८९६ मध्ये निकोलस दुसरा याच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने सर्व धर्मगुरूंना आठ टोकांचा चांदीचा क्रूस मिळाला आणि तोच सर्वसाधारण झाला. त्याच्या पाठीवर तीमथ्याच्या पहिल्या पत्रातले (४:१२) वचन कोरलेले असते: बोलणे, वागणे, प्रीती, विश्वास आणि शुद्धता यांत विश्वासणाऱ्यांचा कित्ता हो. लोकांना दिसते ती पुढची बाजू. हे वचन घालणाऱ्याच्या छातीला टेकलेले राहते.

ग्रीक रीतीत साध्या धर्मगुरूच्या गळ्यात क्रूस नसतो. तो अर्किमंड्राइट (मठवासी धर्मगुरूंतले मानाचे पद) किंवा तसा मान मिळालेल्या धर्मगुरूच्या गळ्यात येतो. म्हणून अथेन्समध्ये क्रूस नसलेला धर्मगुरू पाहून तो डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालचा सहायक, असावा असे समजू नये. मॉस्कोत मात्र क्रूस नसलेला झगेधारी बहुधा डीकन किंवा उपासनेत पाठ वाचणारा वाचकच असतो. गळ्यात क्रूसाऐवजी मरियेचे चित्र असलेले गोल किंवा लंबगोल पदक दिसले तर ते बिशप.

क्रूसाची साखळी लांब असते आणि वाकले की क्रूस झोक्यासारखा पुढे येतो. बाळाचा बाप्तिस्मा करताना तो बाळाला लागतो, चर्चमधल्या पवित्र चित्राचे चुंबन घेताना काचेवर आपटतो, आजाऱ्यावर वाकताना नळीत अडकतो. वाकण्याआधी डावा हात छातीवर ठेवून क्रूस धरणे ही सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्यावी. आतल्या झग्याच्या बटणांत तो तात्पुरता खोचताही येतो.

कोणत्या कामाला काय

संस्कार करायचा असेल तर किमान एक वस्त्र लागतेच: एपित्राखिल. गळ्यातून पुढे दोन पदर सोडलेला, समोर जोडलेला लांब पट्टा. हा नसेल तर धर्मगुरू कोणताही संस्कार करत नाही. अगदीच अडचणीत, रस्त्यात कुणी मरणासन्न असताना वगैरे, टॉवेल, कापडाची पट्टी किंवा दोरीसुद्धा आशीर्वाद देऊन एपित्राखिल म्हणून गळ्यात घ्यावी, असे रशियन धर्मगुरूंच्या परंपरेत सांगितलेले आहे. सूचना तशी टोकाची, पण ती रोजच्या तयारीबद्दल बरेच शिकवते. पातळ कापडाचा, घडी करून खिशात मावेल असा एपित्राखिल गाडीत किंवा पिशवीत कायम असावा.

पापनिवेदनाला बाहेरचा झगा, वर एपित्राखिल आणि आतल्या झग्याच्या बाहीवर मनगटाचे पट्टे. शेवटी पदराचे टोक गुडघे टेकलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवून क्षमेची प्रार्थना म्हणतात, म्हणून पदर गुडघ्याखाली जाईल इतका लांब हवा. खिशातला छोटा एपित्राखिल इथे अपुरा पडतो. उंच धर्मगुरूला अवघडून ओणवे व्हावे लागते.

घर आशीर्वादायला जाताना, विशेषतः ६ जानेवारीच्या (जुन्या पंचांगाने १९ जानेवारीच्या) प्रकटीकरणाच्या (ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याच्या) सणानंतर धर्मगुरू दारोदार पवित्र पाणी शिंपडतो तेव्हा, उजवी बाही भिजतेच. रासोची बाही आतून एकदा दुमडून घ्यावी. मेणबत्तीपाशी तर ते सक्तीचेच समजावे. रुंद बाही ज्योतीवरून फिरते आणि घालणाऱ्याला ती दिसत नाही, कारण त्याचे लक्ष हातातल्या पुस्तकावर असते.

दवाखान्याचे नियम सगळ्यांच्या वर. ब्रिटनमध्ये २००७ पासून रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कोपराखाली काहीच न घालण्याचे धोरण आहे, आणि त्यामागचे कारण कुठल्याही दवाखान्यात तितकेच खरे आहे: बाहीचे टोक एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर नेते. रासो बाहेर काढून ठेवावा, आतल्या झग्याची बाही कोपरापर्यंत दुमडता येईल अशी शिवून घ्यावी, हात धुवावेत, मग एपित्राखिल घालावा. दवाखान्यासाठी धुता येणारा सुती एपित्राखिल वेगळाच ठेवलेला बरा. जरीचा धुता येत नाही आणि तोच प्रत्येक आजाऱ्याच्या अंथरुणाला लागतो. अतिदक्षता विभागात वरून दवाखान्याचा गाऊन घालायला सांगितला तर घालावा. एमआरआयच्या खोलीच्या दारात क्रूस, साखळी आणि धातूचे हूक असलेले काहीही उतरवून ठेवावे. चुंबकाची ओढ जीवघेणी असते. तुरुंगात साखळी, दोरीचा पट्टा, लांब जपमाळ आत नेता येईल का, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. दारात हुज्जत घातली तर कैद्याचा वेळ जातो.

सरकत्या जिन्यावर पुढची कड हाताने उचलून धरावी आणि पायरीच्या मध्यावर उभे राहावे. साध्या जिन्यावर चढताना पुढची कड उचलायची, उतरताना मागची. उतरताना मागचे कापड वरच्या पायरीवर रेंगाळते आणि मागून येणारा त्यावर पाय देतो.

शिवताना

पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाला आतल्या झग्यासाठी दीड मीटर पन्ह्याचे साधारण साडेतीन ते चार मीटर कापड लागते, रासोला त्याहून थोडे अधिक. कापड आधी भिजवून, वाळवून मगच बेतावे. सुती आणि लोकरीचे मिश्र कापड पहिल्या धुण्यात आटते आणि घोट्यावरचा झगा पोटऱ्यांवर येतो. लांबी बूट घालून मोजायची. कड जमिनीपासून तीन-चार सेंटीमीटर वर राहिली पाहिजे. खाली पाच-सहा सेंटीमीटर दुमड ठेवली तर कड झिजल्यावर ती उसवून पुन्हा घालता येते.

शिंप्याला पॅटर्न नवा असेल तर तो घेर कमी ठेवतो. खालचा घेर अडीच मीटरच्या आसपास तरी असावा, कमरेखाली कळ्या टाकून तो साधावा. नाही तर पाऊल पूर्ण पडत नाही, गुडघे टेकताना शिवण उसवते आणि जमिनीपर्यंत वाकून केलेल्या नमस्कारात झगा पाठीवर ताणतो. दुसरी चूक मनगटाची. शर्टासारखा कडक कफ आणि मोठे बटण शिवले की वर मनगटाचा पट्टा बसत नाही. तिसरी गळपट्टीची: फार उंच आणि कडक असली तर जरीचा एपित्राखिल तिच्यावर बसून दोन तासांत मान सोलवटते. बाजूच्या शिवणीत खिशाबरोबर एक चीर ठेवायला सांगावे, म्हणजे पँटच्या खिशातल्या किल्ल्या झगा न उचलता काढता येतात.

कापडाच्या बाबतीत एक आग्रह धरावासा वाटतो: निव्वळ पॉलिएस्टर घेऊ नये. ते स्वस्त आहे, चुरगळत नाही, पण अंगाला चिकटते, घाम कोंडते, आणि धुपाटण्यातली ठिणगी उडाली तर वितळून भोक पडते. हलकी लोकर किंवा लोकर-व्हिस्कोसचे मिश्रण सर्वांत टिकाऊ. उष्ण जागी सुती किंवा लिनन. काळा झगा उलटा करून थंड पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळत घालावा, नाही तर खांद्यांवर तो आधी विटतो.

मेणाचे डाग रोजचेच. कापड थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवले की मेण कडक होते, ते बोथट सुरीने खरवडावे. उरलेले दोन टिपकागदांमध्ये धरून इस्त्रीने शोषून घ्यावे. पवित्र कम्युनियनचा, म्हणजे उपासनेत भाविकांना देतात त्या पवित्र द्राक्षारसाचा, थेंब कपड्यावर पडला असेल तर तो भाग इतर धुण्यात टाकत नाहीत. तो वेगळा धुतात आणि ते पाणी पायदळी येणार नाही अशा जागी ओततात.

जिथे झगा घालता येत नाही

तुर्कस्तानात १९३४च्या २५९६ क्रमांकाच्या कायद्याने सर्व धर्मांच्या धर्मसेवकांना प्रार्थनास्थळाबाहेर धार्मिक पोशाख घालायला बंदी केली; प्रत्येक समाजाच्या एकाच व्यक्तीला सरकार परवानगी देऊ शकते. ती मिळाल्यामुळे कॉन्स्टँटिनोपलचे (आजच्या इस्तंबूलचे) पॅट्रिआर्क झग्यात दिसतात. सोव्हिएत काळात रशियातले कितीतरी धर्मगुरू रस्त्यावर साध्या कपड्यांत फिरत, कारण झगा म्हणजे अपमानाला आणि त्याहून वाईटाला निमंत्रण होते. अशा ठिकाणी साधा, गडद, नीटनेटका वेश हाच पदाला शोभणारा वेश. त्यात कुणाला दोष लागत नाही.

अमेरिकेतला प्रश्न वेगळा आहे. तिथे बंदी नाही. तरीही ग्रीक आणि अँटिओकियन (हेही पूर्व ऑर्थोडॉक्स) चर्चचे अनेक धर्मगुरू काळा सूट आणि गळ्यात पांढऱ्या पट्टीची कॉलर घालतात. ही कॉलर एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य प्रोटेस्टंट पाळकांत रूढ झाली, नंतर कॅथलिकांनी घेतली. तिची बाजू समजण्यासारखी आहे: दवाखान्याच्या दारावर, शाळेत, पोलिसांपुढे ती लगेच ओळखली जाते. पण लोक त्या माणसाला कॅथलिक फादर समजतात, ऑर्थोडॉक्स धर्मगुरू म्हणून तो ओळखू येतच नाही. आमच्या मते जिथे कायद्याची किंवा सुरक्षिततेची अडचण नाही तिथे आतला झगा हाच नियम असावा आणि सूट-कॉलर हा अपवाद. दुःखात बुडालेल्या माणसाला बसथांब्यावर धर्मगुरू दिसतो आणि तो जवळ येऊन बोलतो, ते झग्यामुळे. नुसता आपला संकोच टाळण्यासाठी झगा उतरवला की ही वाट बंद होते.

भारतात

केरळच्या मलंकरा चर्चचे धर्मगुरू, ज्यांना लोक अच्चन म्हणतात, रोज पांढरा सुती झगा घालतात. प्रार्थनेच्या वेळी त्यावर काळा रुंद बाह्यांचा कुप्पायम येतो, म्हणजे आतला-बाहेरचा हा विभाग इथेही आहे. डोक्यावर फिरो, सात तुकडे जोडून शिवलेली छोटी काळी टोपी. बिशप आणि मठवासी क्रूसांची नक्षी असलेली काळी कुंची घालतात. तिच्यावरचे बारा क्रूस हे बारा प्रेषित. मुंबई धर्मप्रांताचे केंद्र वाशीला असल्याने महाराष्ट्रात हाच पोशाख जास्त दिसतो.

गोव्यात या पोशाखाची किंमत एका माणसाने मोजली. वेर्णे गावचे आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस कॅथलिक धर्मगुरू होते. १८८९ मध्ये मलंकरा चर्चने त्यांना आल्वारिस मार युलियोस या नावाने बिशप केले. पोर्तुगीज राजवटीत त्यांना अटक झाली, बिशपपदाची वस्त्रे उतरवली गेली, क्रूस आणि अंगठीही काढून घेतली गेली, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. पुढे ते साध्या काळ्या झग्यात राहिले आणि आजाऱ्यांची सेवा करत राहिले. १९२३ मध्ये रायबंदर येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या हवेत पांढरा सुती झगाच शहाणपणाचा आणि त्याचे तीन जोड तरी लागतात, कारण पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही. पावसाळ्यापुरती कड दोन बोटे वर घ्यावी. मुंबईचा चिखल पांढऱ्या कडेवरून पूर्ण जात नाही. पांढऱ्या झग्याच्या आत गडद पँट घातली तर ती भिजल्यावर आरपार दिसते, म्हणून फिकट रंगाची घालावी. लोकलमध्ये चढताना कड हातात गुंडाळून धरावी. दुचाकीवर मागे बसताना एका बाजूला बसू नये. दोन्हीकडे पाय टाकून कड मांडीखाली दाबावी आणि गाडीला साडीगार्ड असल्याची खात्री आधी करावी. स्वतः चालवायची असेल तर झगा घडी करून पिशवीत ठेवावा आणि पोहोचल्यावर चढवावा.